चक्कर डोक्यात नाही, कानात!

चक्कर आली की घरात पहिलं वाक्य काय येतं? "पित्त झालं असेल," नाहीतर "सकाळपासून काही खाल्लं नाहीस ना?" कधी कधी ते खरंही असतं. पण आज मी तुम्हाला विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या व्हिएन्नात नेतोय.

तिथं रॉबर्ट बारानी नावाचा तरुण डॉक्टर पेशंटचे कान पिचकारीनं धुवायचा. बऱ्याच जणांना गरगरायचं. एकानं तक्रार केली, की पाणी गार असलं की मला चक्कर येते. मग बारानीनं जास्त गरम पाणी वापरून पाहिलं. तरी चक्कर आलीच! फक्त डोळ्यांचे झटके आता उलट दिशेला होते.

इथं त्याची ट्यूब पेटली. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की तो द्रव मागे रेंगाळतो आणि मेंदूला खबर जाते. गार पाण्यानं हा द्रव खाली सरकतो, गरम पाण्यानं वर. डोकं जागच्या जागी, पण मेंदूला वाटतं आपण फिरतोय!

बारानीला १९१४ चं नोबेल जाहीर झालं, तेव्हा तो रशियाचा युद्धकैदी होता. सुटका झाली १९१६ मध्ये.

त्याची ही टेस्ट आजही वापरतात. आणि तिची सुरुवात एका पेशंटच्या कुरकुरीतून झाली. म्हणून डॉक्टरांना नुसतं "चक्कर येते" सांगू नका. घर फिरतं, की डोळ्यांपुढे अंधारी येते? कूस बदलल्यावर, की उभं राहिल्यावर? किती वेळ? अर्धं निदान तुमच्याच उत्तरात असतं.