स्नॉर्केल, कॅम्पर व्हॅनचा

इंजिनाला लागणारी हवा जमिनीलगत न घेता छपराच्या उंचीवरून घेऊन एअर फिल्टरपर्यंत पोचवणारी नळी. वाळवंट, खडकाळ वाटा, ओढे-नाले असा लांबचा प्रवास करणाऱ्या गाड्यांना ती बाहेरून बसवतात. नाव पाणबुडीकडून आले आहे. पाण्याखाली राहूनही डिझेल इंजिन चालवता यावे म्हणून डच नौदलातील अधिकारी यान याकोब विखर्स यांनी १९३०च्या दशकात अशी नळी विकसित केली. १९४० मध्ये हॉलंड जर्मनीच्या ताब्यात गेल्यावर जर्मन नौदलाने ती उचलली आणि तिचे जर्मन नावच पुढे रूढ झाले.

पाणबुडीशी असलेल्या या नात्यामुळे स्नॉर्केल म्हणजे पाण्यात उतरण्याचा परवाना, असा समज पसरला आहे. कॅम्पर व्हॅनच्या आयुष्यात मात्र त्याचा खरा उपयोग धुळीसाठी होतो. फोक्सवॅगनच्या टी३ सिंक्रो या गाडीवरून हे नीट कळते. गुस्टाफ मायर आणि हेनिंग डुकस्टाइन या अभियंत्यांनी सत्तरच्या दशकात आधीच्या टी२ व्हॅनची चारही चाके इंजिनाला जोडून पाहिली आणि ती सहारात चालवली. त्याच विचारातून पुढे सिंक्रो आली. १९८५पासून ती ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे श्टायर-डाइम्लर-पुखच्या कारखान्यात बनू लागली. वेस्टफालिया कंपनीने आतून सजवलेली, छप्पर वर उचलता येणारी सिंक्रो आजही जपून वापरली जाते.

या व्हॅनचे इंजिन मागे, सामानाच्या जागेखाली असते. हवा आत जाते ती मागच्या बाजूच्या काचेमागील खांबातल्या जाळीतून. म्हणजे मूळ तोंड मुळातच बऱ्यापैकी उंच आहे, आणि गुडघाभर ओढ्यासाठी ते पुरते. अडचण जागेची आहे. चौकोनी गाडी चालू लागली की तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि चाकांनी उडवलेला फुफाटा तिथेच घुमत राहतो. जाळी नेमकी या भोवऱ्याच्या काठावर येते. मोरोक्कोतल्या किंवा नामिबियातल्या कच्च्या रस्त्यावर दिवसभर चालल्यावर फिल्टर धुळीने भरतो आणि इंजिनाचा दम तुटतो. फिल्टरची कड नीट बसलेली नसेल तर बारीक धूळ सिलिंडरपर्यंत जाऊन पिस्टनच्या रिंगा घासते. तोंड छपरापर्यंत नेले की हवा बरीच स्वच्छ मिळते आणि फिल्टर जास्त दिवस टिकतो.

पाण्याचा धोका वेगळा आहे. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा तुटतो, आणि इंजिन पूर्ण उघडावे लागते. स्नॉर्केल हा एक मार्ग बंद करतो. पेट्रोल इंजिनाचा डिस्ट्रिब्यूटर, विजेचे सांधे, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलच्या श्वासनळ्या, दारांची रबरे हे सगळे पूर्वीइतकेच उघडे राहते. शिवाय पेटीसारखी हलकी व्हॅन खोल पाण्यात तरंगू पाहते आणि चाकांची पकड सुटते. श्वासनळ्या वर न नेता नुसता स्नॉर्केल लावून खोल पाण्यात शिरणे चुकीचे आहे.

बसवण्याच्या कामात सौंदर्यापेक्षा सांधे महत्त्वाचे. नळीचा आतला छेद मूळ मार्गापेक्षा अरुंद नसावा. वळणे थोडी आणि सैल असावीत. पत्र्यावर टेप चिकटवून खुणा करतात, होल सॉने भोक पाडतात आणि कापलेल्या कडेला लगेच प्रायमर व रंग देतात. हा रंग चुकवला तर टी३सारख्या लवकर गंजणाऱ्या गाडीत काही पावसाळ्यांतच खांब कुजू लागतो. इंजिन रबरी माउंटवर हलते, नळी मात्र पत्र्याला घट्ट असते; म्हणून मध्ये कुठेतरी लवचीक होज हवाच. फिल्टरच्या डब्याला तळाशी पाणी गळून जाण्याचे छिद्र असते. खोल पाण्यासाठी काम करायचे असेल तर तिथे एकेरी रबरी झडप लावतात, नाहीतर वर घेतलेल्या उंचीला अर्थ राहत नाही. फिल्टरच्या पुढचा सांधा गळला तर नुकसान अधिक, कारण तिथून आत जाणारी धूळ गाळलीच जात नाही.

कॅम्परमध्ये आणखी पाहावे लागते: वर उचलले जाणारे छप्पर नळीला अडू नये, आणि हीटर किंवा फ्रिजचा धूर सोडणारे तोंड तिच्याजवळ नसावे. काम झाल्यावर इंजिन हळू चालू ठेवून स्नॉर्केलचे तोंड सपाट फळीने झाकतात. सांधे घट्ट असतील तर इंजिन घुसमटून बंद पडते. ते चालूच राहिले तर कुठेतरी हवा शिरते आहे.

तोंडाचा आकार प्रवासावर ठरतो. पुढे पाहणारे तोंड पाऊस आणि किडे घेते; चांगल्या तोंडांत पाणी बाहेर टाकणाऱ्या फटी असतात. वाऱ्याच्या भोवऱ्याने जड कण बाजूला काढणारी छत्रीसारखी तोंडे धुळीच्या मुलखात अधिक उपयोगी पडतात, पण त्यांतली काही वारंवार रिकामी करावी लागतात.

भारतात पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा कारखान्यातूनच स्नॉर्केल घेऊन येते. २०२१च्या मॉडेलची पाण्यातून जाण्याची खोली कंपनी ७०० मिमी देते. इतर गाडीला तो बाहेरून लावायचा तर मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ पाहावे. नोंदणीतील तपशिलाशी विसंगत असा मूळ रचनेतला बदल त्याने रोखला आहे.