भीमा खोऱ्यातील आडगावे (सोलापूर जिल्हा)

सोलापूर जिल्ह्यात भीमा, नीरा आणि सीना या नद्यांच्या आसऱ्याने वसलेली, जुनी देवळे, शिलालेख आणि स्वतःचे सणवार असलेली, तरी प्रवाशांच्या फारशी नजरेत न भरलेली गावे. पंढरपूर आणि अक्कलकोटकडे वर्षभर लोटणारी गर्दी यांच्या फाट्यांवरून पुढे निघून जाते. दक्षिण सोलापूर तालुक्यातील हत्तरसंग-कुडल, मंगळवेढा तालुक्यातील माचणूर व ब्रह्मपुरी, मोहोळ तालुक्यातील बेगमपूर, माळशिरस तालुक्यातील वेळापूर आणि उत्तर सोलापुरातील नान्नज ही त्यांतील मुख्य होत.

यांत पहिला मान कुडलचा. सोलापूरहून विजापूर रस्त्याने निघून सुमारे 40 किमी. गेले की सीना जिथे भीमेला मिळते तो संगम लागतो. पलीकडचा काठ कर्नाटकाचा. (सिंधुदुर्गातील कुडाळ वेगळे, आणि बसवेश्वरांशी जोडलेले कृष्णा-मलप्रभा संगमावरील कूडलसंगमही वेगळे. नावांच्या सारखेपणामुळे गल्लत नेहमी होते.) संगमावर संगमेश्वर आणि हरिहरेश्वर अशी दोन चालुक्यकालीन देवळे आहेत. हरिहरेश्वराचे देऊळ दीर्घकाळ मातीखाली होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस ते उकरून काढले, तेव्हा साडेतीनशेहून अधिक मुखे कोरलेले एक थोरले शिवलिंग हाती लागले. माणसाच्या उंचीच्या त्या दगडावर ओळीने बसवलेले चेहरे पाहताना कोणत्या मुखापासून मोजायला सुरुवात करावी हेच कळत नाही.

तरीही कुडलला जायचे ते संगमेश्वराच्या सभामंडपातील एका तुळईसाठी. तिच्यावर शके 940 म्हणजे इ.स. 1018 मधील अडीच ओळींचा मराठी लेख कोरलेला आहे. हे जो वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाने तो संपतो. हा लेख उजेडात आणला सोलापूरचे शिलालेख-संशोधक आनंद कुंभार यांनी. आयुष्यभर जिल्ह्यातील खेडी पालथी घालून त्यांनी दगडांवरची अक्षरे टिपली. श्रीनिवास रित्ती यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला सोलापूर जिल्ह्यातील शिलालेखांचा इंग्रजी संग्रह 1988 साली प्रसिद्ध झाला. मराठीच्या आद्य शिलालेखाचा वाद जुना आहे. श्रवणबेळगोळच्या लेखाला हा मान कित्येक वर्षे होता, पुढे त्याचा काळ अलीकडे ओढला गेला. अलिबागजवळच्या आक्षीच्या लेखाचे शक काही अभ्यासक 934 वाचतात, शं. गो. तुळपुळे यांनी ते 1132 वाचले. कुडलच्या लेखात कालनिर्देश स्पष्ट आहे, म्हणून या वादात त्याचे वजन मोठे. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा या तुळईची आठवण महाराष्ट्रभर निघायला हवी होती. मंडपात उजेड कमी असतो. बॅटरी समोरून न मारता बाजूने तिरपी धरली की सावल्या पडून अक्षरे वर येतात. जुन्या देवळांना ऑइलपेंट फासण्याची हौस या भागात पुष्कळ आहे आणि तिने अनेक लेख बुजवले आहेत. कुडलच्या तुळईला तरी तो ब्रश लागू नये.

भीमेच्या वरच्या अंगाला, सोलापूर-मंगळवेढा रस्त्यावर माचणूर आहे. नदीच्या वळणावर सिद्धेश्वराचे देऊळ, खाली उतरत जाणारा घाट आणि शेजारी मोगली किल्ल्याचे बुरूज. लगतच्या ब्रह्मपुरीला औरंगजेबाने 1695 ते 1699 अशी चार वर्षे छावणी ठेवली आणि तिला इस्लामपुरी हे नाव दिले. साताऱ्याच्या मोहिमेवर तो इथूनच निघाला. त्याआधीच्या, कृष्णाकाठच्या गलगली छावणीत 1695 मध्ये जेमेल्ली कारेरी हा इटालियन प्रवासी येऊन गेला होता. तंबूंचे ते फिरते शहर कसे होते हे त्याच्या वर्णनातून कळते. त्याच वर्षी ते शहर इथे, भीमेकाठी हलले. समोरच्या तीरावरील बेगमपूर तेथील कबरीमुळे ओळखले जाते; ती बादशहाच्या मुलीची असल्याचे सांगतात. सिद्धेश्वराच्या देवळाला बादशाही नेमणूक मिळाल्याची आख्यायिकाही काठावर ऐकू येते. एकाच वळणावर घाट, बुरूज आणि कबर पाहायला अर्धा दिवस पुरतो, पण घाई करू नये. उजनी धरण (1980) झाल्यापासून नदीचे पाणी पावसावर कमी आणि सोडलेल्या आवर्तनावर जास्त अवलंबून असते. त्यामुळे भर उन्हाळ्यातही पात्र एखाद्या दिवशी दुथडी दिसते.

वेळापूरला आषाढीच्या आधी ज्ञानेश्वर माउलींची पालखी मुक्काम करते. त्या रात्री गावात पाऊल ठेवायला जागा नसते, एरवी देवळाच्या आवारात शांतता असते. अर्धनारीनटेश्वराच्या यादवकालीन देवळात शिव आणि पार्वती शेजारी उभे असलेली युगुलमूर्ती आहे, आणि रामचंद्रदेव यादवाच्या काळातील शके 1222 (इ.स. 1300) चा मराठी लेखही येथे आहे. वारीतल्या माणसाने मुक्कामी वेळ काढून तो पाहावा.

नान्नजची ओळख देवळाची नाही, माळरानाची. माळढोकासाठी 1979 साली घोषित झालेले अभयारण्य प्रथम 8,496 चौ. किमी. इतके अवाढव्य होते. त्यात गावे, शेते, रस्ते सगळेच आले आणि लोकांचा विरोध वाढत गेला. अखेर ते 1,222 चौ. किमी.वर आणले गेले. माळढोक आता जवळपास दिसेनासाच झाला आहे. काळवीट आणि लांडगा मात्र आहेत, आणि गवत पिवळे पडले की ते लांबूनही दिसतात.

या पट्ट्यातील बोली मराठी आणि कानडी अशी दुहेरी आहे. दक्षिण सोलापूर व अक्कलकोट तालुक्यांत एकाच पारावर दोन्ही भाषा चालतात, आणि पुष्कळ घरांत आजी कानडीत हाक मारते तर नातू मराठीत ओ देतो. जेवण ज्वारीचे. पातळ थापून, भाजून वाळवलेली कडक भाकरी महिनाभर टिकते. तिच्यासोबत खलबत्त्यात कुटलेली, तेल सुटलेली शेंगाचटणी. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथली काळी जमीन ओल धरून ठेवते, त्यामुळे परतीच्या पावसावर पेरलेले रब्बीचे पीक पाण्यावाचून तगते.

मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे वेळा अमावास्येला, येथे घरे ओस पडतात. सगळे कुटुंब रानात जाते. ज्वारीच्या फडात कडब्याची कोप उभारून तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात. बायकांच्या डोक्यावरून गाडगी येतात: ताकात ज्वारीचे पीठ शिजवून केलेली अंबील, ओले वाटाणे, तूर आणि हरभरा घालून बेसनात केलेली भज्जी, बाजरीचे उंडे. वाटसरूला हाक मारून पंगतीला बसवण्याचा रिवाज अजून आहे. संक्रांतीनंतर हुरडा सुरू होतो. कणसे आगटीत भाजून गरम असतानाच हातावर चोळतात. मऊ हिरवे दाणे तळहातावर उरतात.

या गावांत हॉटेले नाहीत, सोलापूर किंवा पंढरपूर येथे मुक्काम ठेवून एसटीने वा गाडीने जावे लागते. दिवाळी ते महाशिवरात्र हा काळ सोयीचा.