मडूच्या माउलीची दोन लेकरे

श्रीलंकेतील यादवी म्हणजे बौद्ध विरुद्ध हिंदू, असा हिशेब आपल्याकडे सर्रास मांडला जातो. आम्हीही पूर्वी तो तसाच मांडत असू. परंतु तो इतिहास चाळू लागलो आणि पहिला धक्का बसला तो नेत्यांच्या धर्मामुळे. १९५६ साली 'केवळ सिंहली' हा राजभाषेचा कायदा करणारे पंतप्रधान भांडारनायके अँग्लिकन घराण्यात वाढलेले. बौद्ध धर्म त्यांनी मागाहून स्वीकारला. उलट, बहुसंख्येने हिंदू असलेल्या तमिळांनी ज्यांना नेता मानले ते चेल्वनायकम् प्रोटेस्टंट ख्रिस्ती, आणि अखेरपर्यंत ख्रिस्तीच राहिले.

तंटा मुळात भाषेचा, सरकारी नोकऱ्यांचा आणि जमिनीचा. १९५७ साली या दोघांनी करार करून तमिळला मान्यता व प्रादेशिक मंडळांना अधिकार देण्याचे ठरविलेही होते. धर्म पुढे आला तो येथे. भिक्षूंनी पंतप्रधानांच्या दारात धरणे धरले आणि १९५८ च्या एप्रिलमध्ये करार रद्द झाला. पुढल्या वर्षी भांडारनायकेंवर गोळ्या झाडणाराही एक भिक्षूच होता. १९७२ च्या राज्यघटनेने बौद्ध धर्माला अग्रस्थान दिले. धर्माने भांडण पेटविले असे आम्ही म्हणणार नाही. समेटाची वाट मात्र त्याने अडविली.

मग ख्रिस्तसभेने काय केले? सिंहली व तमिळ या दोहोंना पोटाशी धरणाऱ्या संस्था त्या देशात मोजक्याच, त्यांतील ती एक. तरीही उत्तरेकडील धर्मगुरूंचा सूर एक आणि दक्षिणेकडील धर्मगुरूंचा दुसरा, असेच बहुधा घडले. वेदी एक, पण रक्ताची ओढ वेगळी! जुलै १९९५ मध्ये जाफन्याजवळ नवाली येथे संत पेत्राच्या चर्चमध्ये आश्रयाला आलेल्या तमिळांवर हवाई दलाचे बाँब पडले. शंभराहून अधिक माणसे गेली. नोव्हेंबर १९९९ मध्ये मडूच्या तीर्थक्षेत्री तोफगोळ्यांनी निर्वासित मेले आणि दोन्ही पक्षांनी एकमेकांकडे बोट दाखविले. २००८ च्या एप्रिलमध्ये तर धर्मगुरूंना मरियामातेची ती प्राचीन मूर्ती उचलून सुरक्षित स्थळी न्यावी लागली.

येथे आम्हाला गोव्याच्या जोसेफ वाझ यांची आठवण होते. कॅल्विनपंथी डच सरकारने कॅथोलिक धर्मगुरूंना बंदी घातली असताना १६८७ साली ते भिकाऱ्याच्या वेशात तेथे उतरले, तमिळ व सिंहली दोन्ही भाषा शिकले. ख्रिस्ती सत्तेपासून त्यांना अभय दिले ते कँडीच्या बौद्ध राजाने. (आधी हेर समजून कैदेत टाकले होते, हेही खरे.) तेथेच १७११ साली त्यांनी देह ठेवला.

१४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संतपद बहाल केले आणि त्याच दिवशी दुपारी ते मडूला गेले. युद्ध संपून तेव्हा साडेपाच वर्षे झाली होती. माउलीची मूर्ती आपल्या जागी परतली होती आणि अंगणात प्रार्थनेला आलेल्यांत सिंहली होते, तमिळही होते.