शिष्याने निवडलेले गुरू

२८ ऑक्टोबर १९५४ रोजी मुंबईत, नायगावच्या पुरंदरे स्टेडियमवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा सत्कार झाला. त्या भाषणात त्यांनी आपले तीन गुरू जाहीर केले : भगवान बुद्ध, संत कबीर आणि महात्मा जोतीराव फुले. विद्या, स्वाभिमान आणि शील ही आपली तीन उपास्य दैवते असल्याचेही त्यांनी तिथेच सांगितले. तेव्हापासून ही तीन नावे आपल्या ओठांवर आहेत. सभेच्या मंचावर तीन तसबिरी मांडल्या जातात, हार घातले जातात आणि वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो. पण मुळात बाबासाहेबांनी 'गुरू' हा शब्दच का वापरला, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

हा प्रश्न साधा नाही. विभूतिपूजेवर बाबासाहेबांइतका कठोर प्रहार त्या काळात फार थोड्यांनी केला. १९४३ साली पुण्यात न्या. रानडे यांच्या जयंतीनिमित्त केलेल्या भाषणाचा तो एक मुख्य विषय होता. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी बजावले की, धर्मातील भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेलही, पण राजकारणातील भक्ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. असा माणूस आयुष्याच्या अखेरच्या पर्वात तीन गुरूंचे नाव घेतो, तेव्हा त्या शब्दाला त्याने कोणता नवा अर्थ दिला हे तपासले पाहिजे.

या देशात गुरू ही केवळ ज्ञान देणारी व्यक्ती कधीच नव्हती. शिष्याचा अधिकार ठरवणारी ती एक सत्ता होती. उपनयन या शब्दाचा अर्थच मुळी जवळ नेणे, गुरूपाशी नेणे असा आहे. ज्याला गुरूपाशी नेले जात नाही त्याला वेद नाही आणि धर्मकृत्याचा अधिकारही नाही. द्रोणाने एकलव्याला आधी नाकारले आणि नंतर दक्षिणा म्हणून त्याचा अंगठा मागितला. विद्या दिली नाही, तरी वसुली केली! शंबूकाने कोणाची परवानगी न घेता तप केले, तर त्याचे मस्तक गेले. या कथा इतिहास आहेत की नाहीत, हा वेगळा वाद. त्या शतकानुशतके आदर्श म्हणून सांगितल्या गेल्या, हा मात्र इतिहास आहे.

बाबासाहेबांनी आपल्या संशोधनात नेमके याच दारावर बोट ठेवले. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या शूद्रांविषयीच्या ग्रंथात त्यांनी असा सिद्धान्त मांडला की, शूद्र हे मूळचे क्षत्रिय होते. राजे आणि ब्राह्मण यांच्यात दीर्घ संघर्ष झाला, ब्राह्मणांनी त्यांचे उपनयन करण्याचे नाकारले आणि त्यातून त्यांची घसरण होऊन चौथा वर्ण निर्माण झाला. सिद्धान्ताच्या तपशिलावर विद्वानांनी वाद घातले आहेत. त्यातला सामाजिक आशय मात्र ध्यानात घ्यावा. तलवारीने जे साधले नाही ते दीक्षा नाकारून साधले, असे बाबासाहेब सांगत होते. गुरूचा नकार हे समाजरचनेचे शस्त्र होते.

भक्तिपंथाने हे दार किलकिले केले, हे मान्यच केले पाहिजे. मंगळवेढ्याच्या चोखोबांना नामदेवांसारखा गुरू लाभला. १३३८ साली गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून चोखोबा गेले आणि त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरपुरी आणल्या, असे परंपरा सांगते. समाधी झाली ती महाद्वाराच्या पायरीपाशी, देवळाच्या बाहेर. गुरूने शिष्याला जवळ घेतले. व्यवस्थेने मात्र त्याला मेल्यावरही आत घेतले नाही. चोखोबांच्या मुलाच्या, कर्ममेळ्याच्या अभंगांत याच वेदनेचा सवाल ऐकू येतो. काशीच्या कबिरांची आख्यायिकाही काही वेगळी नाही. रामानंद आपल्याला शिष्य करून घेणार नाहीत म्हणून हा विणकर पहाटे घाटाच्या पायऱ्यांवर आडवा पडला. त्यांचा पाय लागला, तोंडून 'राम' निघाले, आणि तोच मंत्र कबिरांनी घेतला, असे सांगतात. ज्याचा अधिकार नाकारलेला आहे त्याला गुरू असा वाटेत आडवे पडून मिळवावा लागत होता.

१९४८ साली बाबासाहेबांनी अस्पृश्यतेच्या मुळाविषयीचा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला. संतांविषयी त्यांच्या मनात असा आदर होता. संतांनी माणसामाणसांतील समतेसाठी झगडा दिला नाही, देवापुढच्या समतेपाशी ते थांबले, ही टीकाही त्यांचीच. आदर एका ठिकाणी आणि मार्गदर्शन दुसऱ्या ठिकाणी, हा विवेक त्यांनी कायम पाळला. कोलंबियातील प्रा. जॉन ड्यूई यांचे ऋण त्यांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' मध्ये मोकळेपणाने मान्य केले. तरी जीवनाचे गुरू सांगताना ड्यूई त्या यादीत नाहीत.

मग हे तीन गुरू त्यांना मिळाले कसे? कबीर घरातून आले. सुभेदार रामजी सकपाळ कबीरपंथी होते आणि घरात भजने होत. बुद्ध एका पुस्तकातून आले. कृष्णराव अर्जुन केळूसकर हे मुंबईतील शिक्षक. त्यांनी १८९८ साली बुद्धाचे मराठी चरित्र प्रसिद्ध केले होते. विद्यार्थी भीमरावाच्या सत्कारप्रसंगी त्यांनी ते त्याला भेट दिले. चरित्रकार हा प्रसंग १९०७ च्या मॅट्रिकनंतरचा मानतात, तर स्वतः बाबासाहेबांनी इंग्रजी चौथीनंतरचा म्हणून सांगितला आहे. जोतीराव आले ते चळवळीच्या वारशातून आणि अभ्यासातून. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले आणि १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेब जन्मले.

म्हणजे तिघांपैकी एकाही गुरूला या शिष्याने पाहिले नव्हते. कोणी त्याच्या कानात मंत्र सांगितला नाही, कोणी त्याचा अधिकार तपासला नाही. इथे शिष्यानेच गुरूची परीक्षा घेतली आणि मग त्याला गुरू म्हटले. गुरुशिष्य नात्याची ही सरळसरळ उलटापालट होती.

ही परीक्षा किती कठोर होती, याचा पुरावा त्यांच्या ग्रंथांत आहे. शूद्रांविषयीचा तो १९४६ चा ग्रंथ त्यांनी जोतीरावांना अर्पण केला. पण 'गुलामगिरी'त (१८७३) जोतीरावांनी काय मांडले होते? बाहेरून आलेल्या आर्यभटांनी इथल्या मूळ रहिवाशांना जिंकले आणि शूद्रातिशूद्र केले. बाबासाहेबांच्या ग्रंथाने आर्य वंशाच्या स्वारीचा सिद्धान्तच नाकारला आणि शूद्रांना आर्य समाजातलाच एक भाग ठरवले. गुरूला वाहिलेल्या ग्रंथातच गुरूच्या इतिहासमीमांसेचा पाया बाजूला सारलेला आहे. मग गुरूकडून घेतले काय? इतिहास शूद्रातिशूद्रांच्या बाजूने वाचायचा, ही दृष्टी घेतली. त्यांच्या शिक्षणाला मुक्तीचे साधन मानणे आणि १८६८ साली स्वतःच्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला करणारे आचरण घेतले. जोतीरावांनी निर्मिकाला मानले. बाबासाहेबांनी तो मानला नाही. कबिरांचा राम तर त्यांनी घेतलाच नाही. घेतला तो पंडित आणि मुल्ला या दोघांनाही जाब विचारणारा कबीर.

सर्वांत कडक परीक्षा झाली ती बुद्धाची. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. त्यासाठी १९५६ मध्ये लिहिलेली प्रस्तावना पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही. आपण बुद्धाकडे रिकाम्या मनाने गेलो नाही, असे तीत बाबासाहेब सांगतात. वडिलांनी रामायण-महाभारत वाचायला लावले होते. मुलाने त्यावर प्रश्न विचारले. वडिलांनी द्रोण, कर्ण, वाल्मीकी यांचे दाखले दिले. मुलाचे समाधान झाले नाही. तुलना करण्याची सवय घेऊनच हा मुलगा बुद्धचरित्रापाशी पोचला होता.

ग्रंथाच्या प्रास्ताविकातच ते गुरूच्या परंपरागत चरित्रावर प्रश्नचिन्ह उभे करतात. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, असे सांगतात. पण एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारपण, आजार आणि मरण पाहिलेच नव्हते, हे बुद्धीला कसे पटावे? बाबासाहेबांनी हे कारण नाकारले आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात पेटलेला कलह पुढे आणला. सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो, संघात त्याचा पक्ष अल्पमतात जातो. देहान्त किंवा हद्दपारी, नाहीतर कुटुंबावर बहिष्कार आणि जमिनीची जप्ती अशी संकटे समोर उभी राहतात, तेव्हा तो परिव्रज्या पत्करतो. १९२७ मध्ये महाडच्या पाण्यासाठी सत्याग्रह करणाऱ्या आणि 'बहिष्कृत भारत' चालवणाऱ्या माणसाने हे लिहिले आहे, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. चार आर्यसत्ये मूळ उपदेशातली की नंतर भिक्षूंनी घातलेली, असाही प्रश्न त्यांनी विचारला. परंपरावादी बौद्धांना हे रुचले नाही, त्यांनी टीका केली. ती टीका जरूर वाचावी, कारण गुरूला प्रश्न विचारण्याची किंमत तिच्यातून कळते.

गुरूंमध्ये बुद्धाचे नाव पहिले का, याचे उत्तरही इथेच सापडते. सिद्धार्थ स्वतः एक शोधक होता. आळार कालामाकडे तो गेला, उद्दक रामपुत्ताकडे गेला, ते जे शिकवत होते ते सर्व शिकला आणि समाधान झाले नाही तेव्हा दोघांनाही सोडून निघाला. संबोधीनंतर मात्र धम्म प्रथम कोणाला सांगावा, हा विचार मनात येताच त्याला हेच दोघे आठवले. ते हयात नव्हते. सोडून जाणे आणि कृतज्ञ राहणे यांत त्याला विरोध दिसला नाही. गुरूने मूठ झाकून ठेवावी तसे आपण काही राखून ठेवलेले नाही, असे त्याने आनंदाला अखेरच्या काळात सांगितले आणि आपल्यामागे कोणा व्यक्तीचा आधार न घेता स्वतःवर व धम्मावर विसंबण्यास सांगितले. त्याच्या संघात उपाली न्हावी होता, सुनीत भंगी होता. अधिकार तपासणारे दारच त्याने काढून टाकले होते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात हेच घडले. महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि मग लाखोंच्या समुदायाला त्यांनी स्वतः दीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञा दिल्या. कानात कुजबुजलेला मंत्र तिथे नव्हता. उघड्या मैदानात, मोठ्या आवाजात, एकाच वेळी सर्वांनी उच्चारलेल्या त्या प्रतिज्ञा होत्या. ज्यांना शतकानुशतके उपनयन नाकारले गेले त्यांच्यापैकी एकालाही त्या दिवशी जात विचारून मागे फिरवले गेले नाही.

आता आपल्याकडे येऊ. आज बाबासाहेब आपले गुरू आहेत. आपल्यातल्या बहुतेकांनी त्यांना पाहिलेले नाही. त्यांनी जोतीरावांना पाहिले नव्हते तसेच. म्हणून ज्या कसोटीने त्यांनी आपले गुरू पारखले तीच कसोटी आपल्याला लागू आहे. त्यांचे नाव घेऊन प्रश्न बंद पाडणारा कार्यकर्ता त्यांचा शिष्य कसा म्हणावा? महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांचे लेखन आणि भाषणे खंडाखंडांनी प्रसिद्ध केली. ते खंड वस्तीतल्या वाचनालयांत असतात. अनेक ठिकाणी ते कपाटात असतात आणि किल्ली भलत्याच माणसाकडे असते. प्रत्येक वस्तीत चार-पाच विद्यार्थ्यांनी एक शिक्षक गाठून 'गुलामगिरी' आणि शूद्रांविषयीचा ग्रंथ शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. शिष्य गुरूशी कुठे सहमत आहे आणि कुठे नाही, याची दोन रकान्यांत नोंद करावी. मग तशीच नोंद बाबासाहेबांच्या लेखनाविषयी स्वतः करून पाहावी. त्यात कोणाचाही अवमान नाही. त्यांनी आपल्या तिन्ही गुरूंना हीच दक्षिणा दिली होती.