विद्युत अपघटन

आयनी पदार्थ वितळवून किंवा पाण्यात विरघळवून त्यातून एकाच दिशेचा विद्युतप्रवाह सोडला की दोन्ही अग्रांपाशी रासायनिक बदल घडतात; या क्रियेला विद्युत अपघटन म्हणतात. धन आयन ऋणाग्राकडे सरकतात आणि तिथे इलेक्ट्रॉन घेतले जातात (क्षपण). धनाग्रापाशी इलेक्ट्रॉन दिले जातात (ऑक्सिडीकरण). तारेतून इलेक्ट्रॉन वाहतात, द्रवातून आयन. वीज पदार्थाला फोडते, असे सर्रास मानले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. आयन सुटे करण्याचे काम पाण्याने किंवा उष्णतेने आधीच केलेले असते. वीज करते ती इलेक्ट्रॉनांची देवघेव. हा काथ्याकूट नव्हे. घोड नदीवरच्या डिंभ्यासारख्या धरणाच्या विजेवर काय बनवता येईल, याचा हिशेब याच फरकावर उभा आहे.

जुन्नर-आंबेगावच्या द्राक्षबागायतदारांना बोर्डो मिश्रणामुळे मोरचूद (कॉपर सल्फेट) चांगलेच परिचित आहे. मोरचुदाचा कोरडा निळा खडा वीज वाहू देत नाही, कारण त्यातले आयन स्फटिकात जागच्या जागी जखडलेले असतात. तोच खडा पाण्यात विरघळवून त्यात तांब्याच्या दोन पट्ट्या सोडल्या, तर अगदी क्षीण विद्युतदाबालाही प्रवाह सुरू होतो. एका पट्टीचे तांबे झिजते, दुसरीवर लालसर थर चढतो आणि द्रावणाचा निळा रंग मात्र कायम राहतो. विजेलाच रेणू फोडावे लागत असते, तर ठरावीक दाबापर्यंत काहीच घडले नसते आणि मग एकदम प्रवाह उसळला असता. भौतिकशास्त्रज्ञ क्लॉझियस यांनी 1857 मध्ये नेमका हाच युक्तिवाद केला होता. 1884 मध्ये स्वान्ते अऱ्हेनियस यांनी त्या दिशेने आयनांचा सिद्धान्त मांडला. त्यांच्या प्रबंधाला विद्यापीठात बेताचाच दर्जा मिळाला, पण 1903 चे रसायनशास्त्राचे नोबेलही त्याच कामासाठी मिळाले. दुसरा पुरावा तर विजेशिवायचा आहे: विरळ द्रावणात मीठ पाण्याचा गोठणबिंदू जितका उतरवते, ती घट साखरेच्या तितक्याच रेणूंनी होणाऱ्या घटीच्या जवळपास दुप्पट असते. मिठाच्या प्रत्येक घटकाचे दोन कण आधीच वेगळे झाले असल्याशिवाय हे शक्य नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पाण्याच्या अपघटनाला किमान 1.23 व्होल्ट लागतात. मग हा उंबरठा फोडण्याचाच नव्हे काय? नव्हे. तो अग्रांवरच्या अभिक्रियेचा आहे, द्रवातल्या आयनांच्या हालचालीचा नाही. मोरचुदाच्याच द्रावणात तांब्याऐवजी कार्बनचे अग्र घातले, की तसाच उंबरठा प्रकट होतो: धनाग्रावर ऑक्सिजनचे बुडबुडे येतात आणि निळा रंग फिकट होत जातो. द्रावण तेच, आयन तेच. बदलली ती फक्त अग्रांवरची अभिक्रिया. दुसरा आक्षेप असा, की पाणी मुळात आयनी नाही, तरी त्याचे अपघटन होतेच. शुद्ध पाण्यात 25 अंश सेल्सिअसला साधारण 55 कोटी रेणूंमागे एकच आयनीभूत असतो आणि म्हणूनच ते जवळजवळ वीज वाहत नाही. कारखान्यात त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालतात ते आयनांची उणीव भरून काढण्यासाठीच. अपवाद वाटणारे हे उदाहरण नियमालाच बळकटी देते.

वीज इलेक्ट्रॉनांची देवघेव करत असल्याने तिचा हिशेब चोख लागतो. मायकेल फॅरेडे यांनी 1833-34 मध्ये दाखवले, की निघणारा पदार्थ वाहिलेल्या विद्युतप्रभाराच्या प्रमाणात असतो. एक मोल इलेक्ट्रॉनांसाठी सुमारे 96,485 कूलोम लागतात. ॲल्युमिनियमच्या प्रत्येक आयनाला तीन इलेक्ट्रॉन द्यावे लागतात, म्हणून हा धातू विजेला भारी पडतो: किलोमागे सुमारे 13 ते 14 युनिट. भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्ग येथे ‘मॉइल’ या मँगनीज कंपनीचा कारखाना याच तत्त्वावर बॅटरीसाठीचे मँगनीज डायऑक्साइड बनवतो, तिथे उत्पादन धनाग्रावर साचते. ॲल्युमिनियमचे कारखाने मात्र विजेच्या मागे जातात. रेणुकूटचा कारखाना 1962 मध्ये रिहंद धरणाच्या विजेवर सुरू झाला.

डिंभे धरणाची साठवण सुमारे साडेतेरा टीएमसी (अब्ज घनफूट), पण वीजगृह अवघे 5 मेगावॅटचे. ते पूर्ण क्षमतेने चालले तर तासाला 5,000 युनिट मिळतात, म्हणजे साधारण 355 ते 385 किलो ॲल्युमिनियम. पण ही वीज पाणी सुटेल तेव्हाची, सिंचनाच्या आवर्तनाशी बांधलेली. ॲल्युमिनियमच्या भट्टीत 950 अंशांच्या आसपास वितळलेले क्षार असतात. काही तास वीज गेली तर ते गोठून भट्टीच निकामी होते. पाण्याच्या अपघटनातून हायड्रोजन काढणारे संच मात्र थांबवून पुन्हा चालू करता येतात. एक किलो हायड्रोजनला 50 ते 55 युनिट वीज आणि सुमारे 9 लिटर पाणी लागते. म्हणजे तासाला फार तर शंभर किलो वायू आणि अपघटनात खर्च होणारे पाणी 900 लिटर. धरणाला ते जाणवणारही नाही. अडते ते विजेपाशी. शिवाय एका किलोतून परत मिळणारी वापरण्याजोगी ऊर्जा सुमारे 33 युनिटच, म्हणजे तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक वाटेतच जातो. म्हणून डिंभ्याची वीज जोवर वीजजाळ्यात थेट खपते, तोवर तिचा हायड्रोजन करणे तोट्याचे आहे.