इंजिन आत, पाय बाहेर : स्टर्नड्राइव्हची कुळकथा

वर्सोव्याहून मढला जाणारी फेरीबोट घ्या, मार्व्याहून मनोरीला माणसं आणि मोटारसायकली नेणारी घ्या, नाहीतर कोळीवाड्यासमोर नांगरलेली सहा सिलिंडरची मासेमारी नौका. यंत्राची मांडणी साधारण तीच. बोटीच्या पोटात डिझेल इंजिन, त्यातून निघून तळातून तिरका बाहेर पडणारा शाफ्ट, त्याच्या टोकाला पंखा आणि पंख्यामागे सुकाणू. शाफ्ट सरळ असतो आणि त्याचा कोन बोट बांधतानाच कायमचा ठरतो.

मुंबईजवळच्या समुद्रात फिरणाऱ्या खासगी सहलीच्या बोटींत मात्र आणखी एक जात दिसते. तिचं इंजिन आतच असतं, पण अगदी मागच्या फळीला टेकून. फळीच्या बाहेर पाण्यात उतरलेला एक धातूचा पाय असतो. तो डावी-उजवीकडे वळतो आणि खाली-वरही होतो. हाच स्टर्नड्राइव्ह. अशी बोट जुनी झाली की मालकाच्या दोनच तक्रारी राहतात. मागून आवाज येतो, नाहीतर बोट नाक वर करून उड्या मारते. पहिली तक्रार बेअरिंगची आणि दुसरी ट्रिमची, म्हणजे बोटीच्या पुढच्या-मागच्या तोलाची, मानली जाते. दोन्हींचं मूळ या पायाच्या जन्मकथेत आहे.

आधी आपल्या किनाऱ्याचं पाहू. शिडाच्या मचव्याला तोल राखायला नीरम लागायचं, म्हणजे तळात भरलेले दगड. माल कुठे ठेवायचा, खलाशी कुठे बसायचे, यावर नाळ उचललेली राहणार की पाण्यात घुसणार हे ठरे. ट्रिम ही गोष्ट तांडेलाला इंजिनाच्या कितीतरी आधीपासून कळत होती. १९५०च्या दशकात मुंबई राज्याने मचव्यांना डिझेल इंजिन बसवण्यासाठी कर्ज आणि अनुदान द्यायला सुरुवात केली. त्याच दशकात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे नौकारचनाकार पॉल झीनर भारतात काम करत होते. मद्रास-केरळकडच्या कट्टुमरम आणि डोंग्यांत इंजिन बसवणं अवघड, म्हणून तिकडे नव्या बोटींचे आराखडे करावे लागले. सातपाटी-वर्सोव्याचे मचवे मूळचेच इतके भक्कम आणि डौलदार होते की इंजिन त्यांच्यात सहज सामावलं. या किनाऱ्यावरच्या सुतारांच्या हाताला दिलेली ही मोठी पावती आहे आणि ती पुरेशी सांगितली गेलेली नाही. १९६१ साली मुंबईत केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था निघाली; आज ती अंधेरीत वर्सोव्याला आहे. वर्सोव्यातच राज्याचं मत्स्यव्यवसाय प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे कोळ्यांच्या मुलांना नौकानयनाबरोबर सागरी डिझेल इंजिनाची देखभाल शिकवली जाते.

सरळ शाफ्टचं एक बरं असतं. त्याच्या आवाजाची कारणं मोजकी. ग्लँडची दोरी झिजली, शाफ्ट आणि इंजिनाची रेष चुकली, पंख्याचं पातं वाकलं किंवा पंख्यात जाळं गुंडाळलं, की दोष बहुधा सापडला. पण शाफ्ट तिरका असल्यामुळे पंखा बोटीला सरळ पुढे न ढकलता थोडा वरही रेटतो. शिवाय इंजिन बोटीच्या पोटातली मोक्याची जागा अडवतं. नौका दोन दिवस समुद्रात राहून मासळी आणणार असेल तर हे चालतं. आठ माणसांना घेऊन वेगाने धावायचं असेल तर खटकतं. आउटबोर्ड, म्हणजे बोटीबाहेर मागच्या फळीला लावायचं अख्खं इंजिन, हा दुसरा पर्याय १९०९पासून होता. ओले एव्हिनरूडने त्याला बाजारात उभं केलं. पण त्या काळी मोठ्या ताकदीचं आउटबोर्ड जड, तहानलेलं आणि नाजूक होतं.

मोटारगाडीचं दणकट इंजिन आत ठेवायचं आणि आउटबोर्डाचा फक्त पाय बाहेर लावायचा, ही कल्पना अमेरिकेत मर्क्युरी कंपनीतला अभियंता चार्ली स्ट्रँग याला १९४०च्या दशकाच्या अखेरीस सुचली होती. कंपनीने ती तेव्हा उचलली नाही. त्याच कंपनीतला जिम विन १९५८ साली बाहेर पडला. त्या वर्षी तो आउटबोर्डवर चालणाऱ्या छोट्या बोटीतून अटलांटिक ओलांडणाऱ्यांत होता. इकडे मायामीत त्याच्या वडिलांच्या गॅरेजात व्होल्व्होचं इंजिन लावलेला पहिला नमुना तयार होत होता. १९५९च्या न्यूयॉर्क बोट प्रदर्शनात व्होल्व्हो पेंटाने तो ‘ॲक्वामॅटिक’ या नावाने मांडला. ताकद ८० अश्वशक्ती. पुढच्याच वर्षी मायामी ते नासाऊ या खवळलेल्या समुद्रातल्या शर्यतीत विनची ‘ॲक्वा हंटर’ असे दोन ड्राइव्ह लावून दुसरी आली. १९६१मध्ये मर्क्युरीने स्वतःचा मर्क्रूझर बाजारात आणला. मग शोध कुणाचा, यावर वर्षानुवर्षं कोर्टबाजी झाली. कल्पना स्ट्रँगची आणि पाण्यात उतरवण्याची हिंमत विनची, असा निवाडा न्याय्य वाटतो.

स्टर्नड्राइव्हच्या रचनेत खरी अडचण एकच होती. इंजिन पक्कं बसलेलं, पाय मात्र सतत हलणारा. मधे ताकद न्यायची कशी? उत्तर जुनंच होतं. सोळाव्या शतकातल्या इटालियन गणिती कार्दानोच्या नावाने ओळखला जाणारा आणि १६७६मध्ये रॉबर्ट हूकने वर्णन केलेला युनिव्हर्सल जॉइंट. कांदिवलीत बनलेल्या महिंद्रच्या जीपखाली हाच असतो आणि मुलुंड चेकनाक्याच्या ट्रकमेस्त्रींना तो ‘क्रॉस’ म्हणून ठाऊक आहे. त्याची एक खोड हूकलाही माहीत होती. जॉइंट कोनात फिरला की पलीकडचा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा सावकाश फिरतो. म्हणून स्टर्नड्राइव्हमध्ये दोन क्रॉस पाठोपाठ बसवतात. एकाची चूक दुसरा भरून काढतो. त्यांच्या आणि इंजिनाच्या मधे शाफ्टला आधार देणारं गिंबल बेअरिंग असतं. या सगळ्याला समुद्राच्या पाण्यापासून वाचवते ती फक्त रबराची घडीदार नळी, बेलोज.

आता आवाजाचं कोडं सुटू लागतं. बहुतेक जुन्या ड्राइव्हमध्ये गिअर टाकणारा क्लच पायात असतो. त्यामुळे न्यूट्रलमध्येही इंजिनाकडून येणारा शाफ्ट आणि क्रॉस फिरतच राहतात. न्यूट्रलमध्ये आवाज येत असेल तर संशय बेअरिंग, क्रॉस किंवा इंजिनामागच्या कपलरवर घ्यावा. गिअर टाकल्यावरच येत असेल तर खालच्या दातऱ्यांवर किंवा पंख्यावर. सुकाणू पूर्ण फिरवल्यावर वाढणारी जाड घरघर बहुधा गिंबल बेअरिंगची. वळताना किंवा पाय उचलताना येणारी ठोकठोक क्रॉसमधल्या निडल बेअरिंगची. पंखा वाकला असेल तर आवाजापेक्षा थरथर आधी जाणवते आणि ती वेगाबरोबर वाढते. मेस्त्री फक्त बेअरिंग बदलून मोकळा झाला आणि बेलोज फाटकीच राहिली, तर पुढच्या मोसमात घरघर परत येणार, कारण पाणी तिथूनच शिरलेलं असतं. फाटलेल्या बेलोजमधून पाणी बोटीतही येतं आणि जेट्टीला बांधलेली बोट बुडू शकते. म्हणून हा आवाज कानाआड करू नये. बोट जमिनीवर असताना तपासणी करायची तर आधी ड्राइव्हला पाणी जोडावं. पंपातली रबरी चक्री कोरडी फिरली की थोड्याच वेळात जळते.

ट्रिमही याच सांध्यावर चालतो. सुरुवातीच्या ड्राइव्हमध्ये पायाचा कोन भोकातल्या खिळीने ठरवत आणि तो बदलायला बोट थांबवावी लागे. पुढे दोन्ही बाजूंना हायड्रॉलिक सिलिंडर आले आणि चालकाच्या हाताशी बटण आलं. निघताना पाय फळीजवळ आत घ्यायचा. मागचा भाग उचलला जातो, नाक खाली राहतं आणि बोट लवकर पाण्यावर चढते. वेग आला की पाय थोडा थोडा बाहेर सोडायचा. नाक उचलतं, पाण्याला घासणारा तळ कमी होतो, सुकाणू हलकं होतं. अजून बाहेर सोडला की नाक वर-खाली आपटू लागतं, पंखा हवा ओढतो आणि वेग न वाढता इंजिन मात्र ओरडतं. तिथून थोडं मागे यावं, की योग्य कोन सापडतो. समोरून लाटा असतील तर नाक खाली ठेवावं, पाठीमागून येत असतील तर थोडं वर. पाय उचलला की क्रॉसचा कोन वाढतो. म्हणून पाय वर ठेवून जोरात इंजिन चालवणं म्हणजे स्वतःच्या हाताने ठोकठोक विकत घेणं.

जुन्या बोटीत एक फसगत नेहमी होते. तळातल्या फोमने पाणी धरलेलं असतं, किंवा तळाला शिंपले चिकटलेले असतात. बोट मागे जड होते, नाक खाली येत नाही आणि दोष ट्रिमच्या सिलिंडरला दिला जातो. नवा सिलिंडर बसला तरी फरक पडत नाही. नीरमाचे दगड नीट लावणाऱ्या तांडेलाने आधी बोटीचं वजनच तपासलं असतं आणि ते बरोबर ठरलं असतं.

वर्सोवा, मनोरी, गोराईच्या खाड्यांत उधाणाला पाणी भरपूर आणि सुकतीला चिखल. उथळ पाण्यात वर उचलता येणारा पाय इथे सोयीचा. पण खारं पाणी आणि रेतीमिश्रित गाळ बेलोज आणि पंपाची चक्री लवकर खातात. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत कोळी इंजिनं उतरवून दुरुस्त करतात. स्टर्नड्राइव्हवाल्यांनीही हाच काळ धरावा. पाय उतरवावा, बेलोज उलगडून पाहावी, गिंबल बेअरिंगला ग्रीस द्यावं, गिअरचं तेल काढून बघावं. तेल दुधाळ दिसलं तर पाणी आत गेलं आहे.

जुनी बोट विकत घ्यायला निघालेल्याने रंग आणि गाद्या नंतर पाहाव्यात. आधी बोट पाण्यात असताना इंजिन न्यूट्रलमध्ये चालू करून सुकाणू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावं आणि मागच्या फळीपाशी कान द्यावा. मग इंजिन बंद करून पाय पूर्ण वर-खाली करून पाहावा. बेलोज शेवटची कधी बदलली, हे मालकाला सांगता आलं नाही, तर बेलोज आणि बेअरिंगचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत.