शिशु-आंत्रातील कवके

जन्मापासून सुमारे दोन वर्षांपर्यंत बालकाच्या आतड्यांत वास करणारा, बहुतांशी एकपेशीय अशा कवकांचा, म्हणजे बोलीतल्या बुरशीचा व यीस्टचा समुदाय. जीवाणूंच्या अफाट वस्तीपुढे ही कवके एक टक्काही भरत नाहीत. तथापि यीस्टची एक पेशी आकारमानाने जीवाणूच्या सुमारे शंभरपट असल्याने खानेसुमारीत नगण्य ठरलेली ही रयत व्यवहारात तितकी नगण्य राहत नाही.

ही वस्ती कशी जमते ते वाशीम जिल्ह्याच्या उदाहरणाने पाहू. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून पृथक् झालेल्या या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण हे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले प्राचीन वत्सगुल्म होय. ‘वत्स’ म्हणजे बालक आणि ‘गुल्म’ हा आयुर्वेदातील एक उदरविकार. नावाची परंपरागत उपपत्ती वत्स ऋषींकडे जाते हे खरे, पण प्रस्तुत विषयाला इतके साजेसे नाव दुसऱ्या जिल्ह्याच्या दप्तरी सापडणे कठीण. याच जिल्ह्याच्या रिसोड वा मानोरा तालुक्यातील एखाद्या खेड्यात, माहेरी बाळंतपणास आलेल्या लेकीला मूल होते, तेव्हा प्रसूतिमार्गातून कँडिडा, आईच्या त्वचेवरून मॅलासेझिया आणि मागाहून दूध, हवा व बाळाला घेणाऱ्या असंख्य हातांवरून इतर कवके त्याच्या आतड्यांत शिरतात. अंगावर पिणाऱ्या मुलांत डेबॅरिओमायसीज हान्सेनी हे यीस्ट, तर दूध तुटल्यावर पावाच्या यीस्टची जात प्रबळ होते, असे नॉर्वेतील मायलेकरांच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

वैद्यकाने या कवकांकडे प्रथम पाहिले ते आरोपी म्हणूनच. तान्ह्याच्या जिभेवर व गालांच्या आत दह्याच्या कवडीसारखे पांढरे थर धरतात आणि मूल दूध ओढीनासे होते, तो थ्रश नावाचा विकार कँडिडाचा; लंगोटाखालची लाल, ओलसर पुरळही पुष्कळदा तिचीच. या प्रकरणी महाराष्ट्राचे नाव औषधांच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे. १९५४ साली पिंपरी येथे स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी, गावावरूनच स्ट्रेप्टोमायसीज पिंप्रिना असे नाव मिळालेल्या सूक्ष्मजीवापासून हॅमायसीन हे कवकनाशक काढले. न्यूयॉर्क राज्याचे नाव धारण करणाऱ्या निस्टॅटिन या कवकनाशकाप्रमाणे याच्याही नावात त्याच्या मातृसंस्थेची आद्याक्षरे आहेत. कवकाच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉलला चिकटून हे द्रव्य तेथे छिद्रे पाडते, आणि जीवाणूंच्या पटलात अर्गोस्टेरॉल नसल्याने त्यांना मात्र धक्का लावत नाही. अमेरिकेतून आयात होणारी औषधे दुर्मीळ व महाग असण्याच्या त्या काळात देशी मातीतल्या जीवाने देशी मुलांची तोंडे बरी करावीत, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत यावयास हवी होती.

परंतु आरोपी हा आतड्यांच्या मुलखाचा जुना रहिवासीही असतो, आणि त्याचे वर्तन बव्हंशी शेजाऱ्यांवर अवलंबून असते. साध्या सर्दीपडशालाही प्रतिजैविक दिले की कँडिडाला धाकात ठेवणारे जीवाणू मरतात, प्रतिजैविकाला न जुमानणारी ती मात्र मोकळ्या जमिनीवर पसरते. इक्वेडोरच्या ग्रामीण भागात पाच वर्षांच्या वयात अ‍ॅलर्जीसह छातीत घरघर होणाऱ्या मुलांचे तिसऱ्या महिन्यातील मळाचे नमुने तपासले असता जीवाणूंपेक्षा कवकांतील बिघाडच अधिक ठळक आढळला (२०१८). वाशीमसारख्या शेतीप्रधान मुलखास हा दाखला जवळचा वाटतो. कॅनडात पहिल्या वर्षभरात कवकांची विविधता घटण्याऐवजी वाढलेल्या काही मुलांच्या बाबतीत तिचा संबंध वजन-उंचीच्या प्रमाणाशी दिसला. याउलट २०२५ साली उंदरांवरील प्रयोगांत कँडिडा डब्लिनिएन्सिस ही जात कोवळ्या वयात स्वादुपिंडातील इन्शुलिन-पेशींच्या वाढीस साहाय्यक ठरली. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झाले असे नव्हे, आणि उंदीर म्हणजे मूल नव्हे. पण ‘बुरशी म्हणजे रोग’ हे जुने समीकरण आता टिकत नाही.

एक यीस्ट तर औषधाच्या दुकानातच विकले जाते. हेन्री बुलार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२० च्या सुमारास इंडोचायनात पटकीच्या साथीत लोक लिची व मँगोस्टीनच्या सालींचा काढा घेतात हे पाहून त्यातून सॅकॅरोमायसीज बुलार्डी वेगळे केले, आणि आज पावसाळी हगवणीत मुलांना त्याच्या पुड्या सर्रास लिहून दिल्या जातात. उपचारात मुख्य स्थान जलसंजीवनीचे व जस्ताचे, पुडी दुय्यम. अत्यवस्थ अथवा मोठ्या शिरेत नळी घातलेल्या रुग्णाच्या रक्तात हेच यीस्ट शिरल्याच्या घटनांवरून २०१७ साली युरोपीय औषध संस्थेने अशा रुग्णांना ते वर्ज्य ठरविले, आणि उडालेली पूड हातांवरून वा हवेतून नळीपर्यंत पोचू नये म्हणून शेजारच्या रुग्णाची पुडीही त्या खोलीबाहेर फोडावी, असे बजावले.